शेवटच्या दिवसाची बेगमी

डग्लस रशकॉफ हे न्यूयॉर्कचे माध्यम-अभ्यासक. तंत्रज्ञानाच्या भविष्यावर बोलण्यासाठी एकदा त्यांना भरघोस मानधन देऊन एका आलिशान रिसॉर्टवर बोलावण्यात आलं. तिथे ना व्यासपीठ होतं, ना श्रोते. पाच धनाढ्य गृहस्थ आले आणि टेबलाभोवती बसले. थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर खरा विषय निघाला. अलास्का बरं की न्यूझीलंड? एकाचं जमिनीखालचं घर जवळपास बांधून झालं होतं. त्याला वेगळीच चिंता होती. 'ती घटना' घडल्यावर, म्हणजे युद्ध, साथ, निसर्गाचा कोप किंवा आणखी कशामुळे तरी सगळी घडी विस्कटल्यावर, आपल्या पहारेकऱ्यांवर आपला ताबा राहणार कसा? नोटांना किंमत उरली नाही तर बंदूकधारी माणूस मालकाचं ऐकेल कशाला? मग उपाय सुचू लागले. धान्याच्या कोठाराला फक्त मालकालाच उघडता येईल असं कुलूप लावावं, पहारेकऱ्यांच्या गळ्यात शिस्तीचे पट्टे अडकवावेत, नाहीतर यंत्रमानवच ठेवावेत. रशकॉफ म्हणाले की पहारेकऱ्यांशी आजपासूनच घरच्यासारखं वागा. यावर मंडळींना हसू आलं. रशकॉफनी हा प्रसंग २०१८ मध्ये लिहून काढला आणि २०२२ मध्ये त्यावर एक पुस्तकच केलं.

प्रस्तुत पुस्तकातले लेख अशाच तयारीविषयी आहेत. जग बुडणार असं वाटणारी माणसं ठिकठिकाणी, वेगवेगळ्या काळात काय काय करत आली, याचा हा धांडोळा आहे. लेख एकत्र करताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. माणूस शेवटच्या दिवसासाठी काय साठवतो, यावरून येणाऱ्या संकटाचा अंदाज क्वचितच लागतो. आपला शेजारी त्या दिवशी कसा वागेल असं त्याला वाटतं, ते मात्र त्या यादीत स्वच्छ वाचता येतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण १९६१ चं आहे. बर्लिनवरून अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात तणाव वाढला होता. २५ जुलैला अध्यक्ष केनेडींनी दूरचित्रवाणीवरून देशाला सांगितलं की अण्वस्त्रांचा हल्ला झालाच तर किरणोत्सारी धुळीपासून वाचण्यासाठी निवारे लागतील. सप्टेंबरात 'लाइफ' साप्ताहिकाने निवाऱ्यांवर खास अंक काढला. त्यात केनेडींचं पत्र होतं आणि शंभरातली ९७ माणसं वाचू शकतात असा मुखपृष्ठावरच दावा होता. परसात खड्डा खणायचा, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती उभारायच्या, दोन आठवड्यांचं डबाबंद अन्न, पाण्याची पिंपं, हाताने फिरवायचा पंखा आणि किरणोत्सार मोजणारं यंत्र आत ठेवायचं, अशी ही योजना. प्रत्यक्षात फार थोड्या घरांनी असे निवारे बांधले. चर्चा मात्र घरोघरी झाली, आणि ती लगेचच दारापाशी येऊन थांबली. हल्ल्याच्या दिवशी ज्याने खड्डा खणला नाही तो शेजारी मुलाबाळांना घेऊन दार ठोठावू लागला तर?

एल. सी. मॅकह्यू नावाच्या जेझुइट पाद्र्याने त्याच सप्टेंबरात 'अमेरिका' या कॅथलिक नियतकालिकात या प्रश्नाचं उत्तर दिलं. हे गृहस्थ पूर्वी नीतिशास्त्र शिकवत. त्यांचं म्हणणं असं की निवारा आपल्या कुटुंबापुरताच असेल तर घुसणाऱ्याला बळाने बाहेर ठेवण्याचा हक्क माणसाला आहे. देशभर वादंग माजला. वॉशिंग्टनचे बिशप अँगस डन यांनी या विचाराचा कडक निषेध केला. हल्ल्यानंतरच्या जगात ज्या माणसांची सर्वांत जास्त गरज भासेल, ती शेजाऱ्याला बाहेर ठेवून स्वतःपुरतं बीळ खणणारी नसतील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पण हे काही एका पाद्र्याचं खूळ नव्हतं. लास व्हेगासच्या नागरी संरक्षण प्रमुखाने लॉस एंजेलिसकडून येणाऱ्या निर्वासितांना अडवण्यासाठी पाच हजारांची फौज उभारावी असं सुचवलं होतं. म्हणजे बॉम्ब टाकणार रशिया आणि बंदुका रोखायच्या कॅलिफोर्नियाच्या माणसांवर. २९ सप्टेंबरला 'ट्वायलाइट झोन' या मालिकेचा 'द शेल्टर' हा भाग दाखवला गेला. त्यात एका डॉक्टरच्या निवाऱ्याचं दार त्याचेच स्नेही फोडतात आणि मग कळतं की धोक्याचा इशारा खोटा होता. मला तरी या विषयावरचं इतकं थेट दुसरं काही आढळलेलं नाही.

त्या तयारीचे अवशेष अजून सापडतात. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची तपासणी चालू असताना पुलाच्या पोटातल्या एका खोलीत शीतयुद्धाच्या काळातला साठा मिळाला. पाण्याची पिंपं, औषधं, हवाबंद डब्यांत साडेतीन लाखांच्या आसपास बिस्किटं आणि घोंगड्या. त्या घोंगड्यांवर, शत्रूचा हल्ला झाल्यानंतरच वापराव्यात, अशी सूचना छापलेली होती. पुलाखाली थंडीत कुडकुडणारे बेघर त्या साऱ्या वर्षांत न्यूयॉर्कमध्ये होतेच. घोंगड्या नियमाप्रमाणे हल्ल्याची वाट पाहत घडी घालून पडून राहिल्या.

अमेरिकेत निवाऱ्यांचा वाद चालू होता त्याच सुमाराला स्वित्झर्लंडने वेगळा रस्ता धरला. १९६३ च्या कायद्याने तिथे प्रत्येक रहिवाशाला निवाऱ्यात जागा मिळालीच पाहिजे असं ठरलं. घर बांधताना तळघरात निवारा काढायचा, नाहीतर सार्वजनिक निवाऱ्यासाठी ठरलेली रक्कम भरायची. आज त्या देशात सुमारे ३,७०,००० निवारे आणि लोकसंख्येला पुरून उरतील इतक्या, साधारण ९० लाख जागा आहेत. त्यातल्या बऱ्याच तळघरांत सध्या वाइनच्या बाटल्या आणि बर्फावरून घसरण्याच्या फळ्या ठेवलेल्या असतात. स्विस लोक फार प्रेमळ असतात असं मला म्हणायचं नाही. त्यांनी शेजाऱ्याच्या जागेचा प्रश्न दारावर थाप पडण्याआधीच कागदावर मिटवून टाकला, एवढंच. कागदावर मिटवलेलं सगळं प्रत्यक्षात जमतंच असंही नाही. ल्युसर्नचा सोनेनबर्ग बोगदा १९७६ साली वीस हजार माणसांच्या निवाऱ्यासाठी सज्ज झाला. १९८७ मध्ये तिथे मोठा सराव झाला तेव्हा साडेतीनशे टनांचे दरवाजे बंद करण्यापासूनच अडचणी सुरू झाल्या. पुढे त्याची क्षमता दोन हजारांवर आणावी लागली.

खुद्द अमेरिकेतही सगळे एका माळेचे मणी नाहीत. यूटा राज्यातले मॉर्मन पंथाचे लोक कित्येक पिढ्या धान्य साठवत आले आहेत. गहू, तांदूळ, कडधान्यं, दूध पावडर असं बरंच काही घराघरांत असतं. पण त्याच पंथाची सामाईक कोठारंही आहेत. १९३६ साली, महामंदीच्या काळात, त्यांनी आपली मदत-व्यवस्था नव्याने बांधली, ती आजही चालते. ज्याचं काम सुटलं त्याने बिशपकडे जायचं, कोठारातून शिधा घ्यायचा आणि जमेल ते काम करून द्यायचं. अंत जवळ आला आहे यावर त्यांचाही विश्वास आहे, तरी कोठारावर बंदुकीचा पहारा बसवावा असं त्यांना वाटलं नाही. कॅन्ससमध्ये क्षेपणास्त्रांच्या जुन्या विवरात पंधरा मजली आलिशान सदनिका विकणारे, २०१२ पासून नॅशनल जिऑग्राफिकवर गाजलेल्या 'डूम्सडे प्रेपर्स' मालिकेत कॅमेऱ्यासमोर हत्यारं मांडणारे, २०१५ मध्ये डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेणारे 'रेडिट'चे प्रमुख स्टीव्ह हफमन (कारण एकच, कोसळलेल्या जगात चष्मा कुठून मिळणार!), या साऱ्यांवर पुस्तकात पुढे बरीच पानं आहेत, म्हणून इथे जास्त लिहीत नाही. या मंडळींची खिल्ली उडवणं सोपं आहे आणि आमच्या काही लेखकांना तो मोह आवरलेला नाही. मी तो भाग काढून टाकला नाही, इतकंच.

मराठी वाचकाला इथे साहजिकच वाटेल की हा सगळा परक्यांचा उद्योग आहे. आपल्याकडे बेगमी असते ती पावसाळ्याची. कोकणात आगोटीची खरेदी होते, सुकी मासळी, मीठ-मसाला, सरपण घरात येतं, आणि सात जूनच्या मागेपुढे ढग येतातच. ती तयारी ठाऊक असलेल्या गोष्टीची, म्हणून तिच्यात धास्ती नसते. प्रलयाची कथाही आपल्याकडे फार जुनी. मनूला मासा सांगतो, मनू नाव बांधतो, सप्तर्षी आणि बियाणं घेऊन निघतो. पण तो प्रलय पुन्हा पुन्हा येणारा, त्याच्यामागे नवी सृष्टी उभी. शिवाय पंचांगाच्या हिशेबाने कलियुग ४,३२,००० वर्षांचं, त्यातली पाच हजारांहून थोडी जास्तच सरली. सव्वाचार लाख वर्षांची मुदत शिल्लक असताना तळघर खणायला कोण जाईल?

तरी धास्ती आलीच. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत अष्टग्रह जमले. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू एका घरात, वर ५ तारखेला खग्रास सूर्यग्रहण. देशभर यज्ञ झाले, मंत्रघोष झाले, प्रवास रद्द झाले, शुभकार्यं पुढे ढकलली गेली. पंतप्रधान नेहरूंनी हा सगळा प्रकार हसण्यावारी नेला. दिवस आले आणि गेले. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात देशाने रांगा लावून तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केलं.

त्या वर्षी जग खरोखरच काठावर आलं होतं, पण ते ऑक्टोबरात. क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून दोन महासत्ता समोरासमोर ठाकल्या. २७ तारखेला बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीवर अण्वस्त्र असलेला पाणतीर सोडण्याची तयारी झाली होती आणि वासिली आर्खिपोव या अधिकाऱ्याने ती रोखली. आपलं लक्ष त्या वेळी हिमालयाकडे होतं, कारण २० तारखेला चीनने आक्रमण केलं होतं. आर्खिपोवची गोष्ट जगाला कळायला पुढे अनेक वर्षं जावी लागली. त्यासाठी कुणी होम केला नव्हता. पुणेकरांनी तर आपला प्रलय अष्टग्रहीच्या आधीच पाहिला होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मकर राशीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कारण होतं अपुऱ्या बांधकामात अडवलेलं पाणी.

स्कायलॅबचं तेच झालं. नासाची ही ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा जुलै १९७९ मध्ये पृथ्वीवर कोसळणार, पण कुठे ते नक्की नाही, अशी बातमी आली. राज्याराज्यांत पोलिसांना सतर्क राहण्याचे आदेश गेले. गावोगावच्या आठवणी अजून निघतात, की मरायचंच आहे तर खाऊन-पिऊन मरू म्हणून लोकांनी कोंबड्या-बकरी कापली. ही तयारी मला अमेरिकन निवाऱ्याच्या बरोबर उलट टोकाची वाटते. तिथे शेजारी येईल म्हणून दार लावायचं, इथे जे आहे ते शिजवायचं आणि शेजाऱ्याला जेवायला बसवायचं. याला कुणी अज्ञान म्हणेल. असेलही. ११ जुलैला स्कायलॅब हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. एस्परन्स नावाच्या तिथल्या गावाने रस्त्यात कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. बरोबर महिन्याने, ११ ऑगस्टला, गुजरातेत मच्छू धरण फुटलं आणि मोरवी शहर वाहून गेलं. लोक महिनाभर आधी आभाळाकडे पाहत होते.

किल्लारीच्या भूकंपावरचा लेख या पुस्तकात सर्वांत लांब आहे आणि तो तसाच ठेवायचा आग्रह माझा होता. तिथे आदल्या वर्षापासून जमिनीतून आवाज येत होते, धक्के बसत होते. लोक काही दिवस घराबाहेर झोपले, मग आत आले. किती दिवस बाहेर झोपणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी गणपती विसर्जन करून झोपलेली गावं ढिगाऱ्याखाली गेली. मारलं ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि त्यांवरच्या जड माळवदांनी. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून पिढ्यान् पिढ्या घातलेला तो मातीचा थर होता. ज्या भिंतीच्या आड माणूस निर्धास्त झोपतो तिच्याविषयी शंका घेणं ग्रहांविषयी शंका घेण्यापेक्षा फार अवघड असतं. तसली भीती घेऊन रोज जगता येत नाही, म्हणून ती मनातून हद्दपार होते. शेवटच्या दिवसाची धास्ती मात्र बाळगायला सोपी, कारण तिला तारीख असते. तारीख टळली की ती संपते. किंवा संपत नाही, नवी तारीख घेते. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहिली. तो दिवस कोरडा गेला. त्या निराशेतून सावरलेल्यांनी पुढे सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथ उभा केला. पुण्यात औंध भागातलं स्पायसर कॉलेज याच पंथाचं आहे, हे तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

संकट येतं तेव्हा माणसं खरोखर कशी वागतात, यावर बराच अभ्यास झालेला आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात १९६३ मध्ये आपत्ती-संशोधन केंद्र सुरू झालं. एन्रिको क्वारंटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वर्षानुवर्षं पूर, भूकंप, स्फोट यांचा मागोवा घेतला. चित्रपटांत दिसते तशी सैरभैर पळापळ प्रत्यक्षात विरळा, पहिले हात जवळच्या माणसांचेच पोचतात, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईकरांनी ते अनुभवलं. अनोळखी घरांतून चहा-बिस्किटं आली आणि कंबरभर पाण्यात माणसांनी साखळ्या धरल्या. महिनाभराने न्यू ऑर्लिन्समध्ये कतरिना वादळ धडकलं. तिथे लुटालूट आणि खुनांच्या अफवा पसरल्या. त्यातल्या बहुतेक पुढे खोट्या ठरल्या, पण ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. दोघं मेली. वादळातून वाचलेली माणसं त्यांच्याविषयीच्या भीतीने मारली.

यातून 'शेजाऱ्यावर भरवसा ठेवा' असा भाबडा उपदेश मी काढत नाही. त्याच मुंबईने १९९२-९३ ची दंगल पाहिली आहे, आणि तिथे शेजारी काय करू शकतो हे ज्यांनी भोगलं त्यांना पुराच्या गोष्टी सांगून गप्प करता येणार नाही. मला इतकंच दिसतं की शेजारी कसा वागेल हे बऱ्याच अंशी आधीच ठरलेलं असतं. कोण कुणाच्या घरी जातं, कुणाचं नाव कुणाला माहीत आहे, यावर ते ठरतं. कोकणातल्या खेड शहरातून जगबुडी नावाची नदी जाते. तिची इशारा पातळी पाच मीटर, धोक्याची सात. पाणी चढू लागलं की नगरपालिकेचा भोंगा वाजतो आणि बाजारपेठेतला माल वरच्या माळ्यांवर चढतो. त्या धावपळीत कुणाच्या पोत्याला कुणाचा खांदा लागतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. जगबुडी ज्यांना दर पावसाळ्यात भेटते, त्यांच्या तयारीत बंदूक नाही.

पुस्तकाचा शेवटचा भाग आजच्या तरुणांविषयी आहे आणि तिथे मला सर्वांत जास्त अडखळायला झालं. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी झाली. मानवजातीचं आता काही खरं नाही, या विधानाला ५६ टक्क्यांनी होकार दिला. भारतातला आकडा त्याहूनही चढा होता. ही धास्ती मिलरच्या किंवा अष्टग्रहीच्या धास्तीसारखी नाही, कारण हवामानाच्या बाबतीत शास्त्रज्ञच काळजीत आहेत. हिला तारीखही नाही. भोंगा वाजून संपणारी ही रात्र नव्हे. पाऊस थोडा थोडा लहरी होत जातो, उन्हाळा थोडा थोडा लांबतो. तीन दिवसांच्या शिध्याची पिशवी दाराशी ठेवायला युरोपातली सरकारं हल्ली सांगतात, आणि तशी पिशवी असावी, मलाही ती पटते. पण सलग तीन वर्षं पाऊस हुकला तर त्या पिशवीचं काय करायचं?

महाराष्ट्राकडे याचं एक जुनं उत्तर आहे, म्हणून शेवटचा लेख १९७२ च्या दुष्काळावर घेतला. लाल मिलो आणि सुकडी खाऊन, खडी फोडून माणसं जगली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना तेव्हा राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. त्यात खोटी हजेरीपत्रकं निघाली, मजुरी महिनोन् महिने रखडली, अर्धवट रस्ते पावसात वाहून गेले. हे सगळं त्या लेखात आहे. पण पुढच्या दुष्काळाची ती तयारी होती, आणि तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराने तो भरायचा आणि जत-आटपाडीच्या मजुराला, ज्याचं तोंडही त्याने पाहिलेलं नाही, काम मिळायचं. आजही बहुतेकांच्या पगारपत्रकात त्याचे महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. ते कशाचे, असं कार्यालयात विचारून पाहा.